डबी एकीची, कॅसेट दुसरीची

जुन्या कोऱ्या ऑडिओ कॅसेट्स कोणी जमवतं का? मी जमवते. या छंदाने मला लावलेली एक सवय तुमच्याही कामाची आहे.

फिलिप्सने १९६३ मध्ये ही कॅसेट आणली. फीत सेकंदाला ४.७६ सेंमी सरकते. मग सी-६० च्या एका बाजूच्या ३० मिनिटांना किती फीत लागेल? गुणाकार करून बघा: जवळपास ८६ मीटर!

खरी गंमत फितीवरच्या लेपात आहे. टाइप १ मध्ये आयर्न ऑक्साइड, टाइप २ मध्ये क्रोमियम डायऑक्साइड किंवा कोबाल्टयुक्त आयर्न ऑक्साइड, टाइप ४ मध्ये थेट धातूचे कण. डेकला फरक कळावा म्हणून टाइप २ आणि ४ च्या वरच्या कडेला सहसा जादा खाचा असतात.

एकदा पुण्याच्या जुन्या बाजारात 'क्रोम' छापलेली डबी दिसली. हौसेने जास्त पैसे मोजले. घरी येऊन बघते तर जादा खाचा नाहीतच, आणि कॅसेटवर बारीक अक्षरांत 'नॉर्मल'! डबी कोणीतरी बदललेली.

तेव्हापासून आधी वस्तू बघते, मग लेबल. लॅबमध्ये दुसऱ्याने नाव लिहिलेली बाटली हातात आली, की तुम्हीही आधी खाच शोधा. आणि खाच, छपाई, डबी तिन्ही जुळतात, तेव्हाचा आनंद? तो मात्र स्वतःच अनुभवायला हवा.