एका क्रियापदाची तीन रूपे

इंग्रजी शिकू लागलेल्या विद्यार्थ्याची पहिल्या काही धड्यांतच एका विलक्षण क्रियापदाशी गाठ पडते. ते म्हणजे ‘असणे’ या अर्थाचे ‘बी’. वर्तमानकाळात प्रथमपुरुषी एकवचनी कर्त्याबरोबर ‘ॲम’, तृतीयपुरुषी एकवचनी कर्त्याबरोबर ‘इज’ आणि द्वितीयपुरुषी व सर्व अनेकवचनी कर्त्यांबरोबर ‘आर’ अशी त्याची रूपे होतात. मूळ ‘बी’चा त्यांत मागमूसही उरत नाही. ही रूपे निव्वळ पाठ करावयाची, असे विद्यार्थ्यास सांगितले जाते.

वस्तुतः ही रूपे स्वैर नाहीत. ‘ॲम’ व ‘इज’ यांच्या शेजारी संस्कृतातील ‘अस्मि’ व ‘अस्ति’ ठेवून पाहावे, म्हणजे त्यांचे नाते ध्यानात येते. ‘बी’ हा ‘भू’ धातूचा आप्त होय. तर भूतकाळातील ‘वॉज’चे नाते ‘वस्’ या धातूशी आहे. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या धातूंतील असे साम्य योगायोगाचे नाही, हे विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीपुढे प्रतिपादिले होते. सारांश, निरनिराळ्या क्रियापदांचे अवशेष येथे एकत्र नांदत आहेत.

सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्लंडच्या दक्षिण भागात अनेकवचनी ‘सिंदोन’ हे रूप रूढ होते. ते संस्कृत ‘सन्ति’चे भावंड. ‘आर’ हे रूप उत्तरेकडील. तेथे वसती करून राहिलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या भाषेतही तत्सम रूप असल्याने ते बळावले आणि कालांतराने दक्षिणेतही स्थिरावले. त्या काळी ‘बी’ची स्वतःची वर्तमानकाळी रूपेही होती, भविष्यकाळाचा अर्थही ती व्यक्त करीत. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील खेड्यांत ‘आय बी’ असे बोलणाऱ्यास शिष्टजन अडाणी समजत. परंतु त्याची भाषा बिघडलेली नव्हती. ती एका जुन्या परंपरेची वारस होती.

मग ही अनियमितता आजवर टिकली कशी? जे रूप क्षणोक्षणी ओठांवर येते, ते नियमाच्या आधारावाचूनही स्मरणात राहते. क्वचित वापरले जाणारे क्रियापद मात्र लवकर नियमाच्या चाकोरीत येते. मराठी मूलही ‘आहे’ आणि ‘होता’ ही परस्परांशी न जुळणारी रूपे सहज आत्मसात करते. त्यांतील ‘होता’ हे ‘भू’ धातूपासूनच आलेले आहे.