भिंत कुठी गेली बाप्पा?

दिवाळीत सगळे गावी जमले, की कुणीतरी म्हणतंच, 'चला, एक फॅमिली फोटो होऊन जाऊ द्या!' तुमच्याकडेही होत असेल. आमच्याकडे रिद्धपूरला यंदा तेरा जण अंगणातल्या भिंतीसमोर उभे राहिले. मधात खुर्चीवर आजी. फोटो झकास आला, पण मागे भिंतीला ओल आलेली, मीटरची वायर लोंबलेली, एका बाजूला ऊन तर दुसरीकडे सावली. एडिटिंगचं खातं माझ्याकडे. रात्रीत सगळी भिंत पुसली आणि मागे स्टुडिओसारखा गुळगुळीत निळा रंग भरला. सकाळी आजीला दाखवलं. तिनं फोन जवळ धरला, लांब धरला. "आपली भित कुठी गेली बाप्पा? अन् थो कोनाडा?"

त्या कोनाड्यात आबाजींचा रेडिओ असायचा. आबाजी आता नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, स्टुडिओवाले तरी काय वेगळं करायचे? खरंय. खांब, बाग, जिना रंगवलेला पडदा मागे लावूनच आपल्या पणजोबांचे फोटो निघाले. फोटोशॉप आलं 1990 साली. पार्श्वभूमी बदलायची हौस त्याच्या कितीतरी आधीची. पण तो पडदा आहे हे बघणाऱ्याला कळायचं. माझा निळा रंग खोटा दिसत होता, आणि त्याला कारणं होती.

पहिली चूक म्हणजे माणसं न काढता थेट बॅकग्राउंड ब्लर केलं. त्यामुळे काकूंच्या लाल साडीचा रंग मागे पसरला आणि सगळ्यांभोवती वलय आलं, जणू तेराच्या तेरा जण संत! आधी माणसं सिलेक्ट करून वेगळ्या लेअरवर घ्या. खालच्या लेअरवर त्यांची जागा आजूबाजूच्या भिंतीनं भरा, मग ब्लर करा. मास्कची कड एखाद-दोन पिक्सेल मऊ ठेवा. आजीचे पांढरे केस 'सिलेक्ट सब्जेक्ट'ला हमखास सापडत नाहीत; तिथं झूम करून ब्रशनं हातानंच काम करावं लागतं. वेळ लागतो, लागू द्या.

दुसरी चूक, निळ्या रंगात पट्टे पडले. 8 बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या फक्त 256 छटा असतात. मोठ्या जागेत रंग हळूहळू बदलायचा तर त्या पुरत नाहीत, म्हणून पायऱ्या दिसतात. फाइल 16 बिटवर घेऊन काम करा, आणि शेवटी बॅकग्राउंडवर एक-दोन टक्के नॉइज टाका. पट्टे विरतात, शिवाय माणसं आणि भिंत एकाच कॅमेऱ्यातली वाटतात. पायाखालच्या सावल्या मात्र पुसू नका, नाहीतर अख्खं खानदान हवेत तरंगतं. (आमचं तरंगलं.) फोटोशॉप नसलं तरी अडत नाही, गिम्प फुकट आहे, फोटोपी ब्राउझरमध्येच उघडतं.

खरं तर अर्धं काम फोटो काढतानाच होतं. माणसांना भिंतीपासून चार-पाच फूट पुढे उभं करा, म्हणजे भिंतीवर सावल्या पडत नाहीत. दिवा वापरणार असाल तर तो लांब ठेवा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपटीनं घटतो, त्यामुळे जवळच्या दिव्यानं भिंतीचं एक टोक भकभकीत आणि दुसरं अंधारं दिसतं. पडदा लावलाच तर इस्त्री करून, ताणून लावा. चुरगळलेल्या चादरीच्या घड्या एडिट करत बसणं म्हणजे निव्वळ शिक्षा.

पण नेमकं काय पुसायचं? हे कुठलंच ॲप सांगत नाही. याच रिद्धपुरात म्हाइंभटांनी माणसा-माणसाला विचारून चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा केल्या, त्यातून 'लीळाचरित्र' झालं. मी भिंत पुसण्याआधी घरात एकालाही विचारलं नव्हतं.

मूळ फाइल जपून ठेवली होती, तेवढं एक शहाणपण. आजीशेजारी बसलो आणि बोट ठेवून एकेक विचारत गेलो. वायर? "काढ." ओल? "काढ, पाहुणे काय म्हनतीन!" उन्हा-सावलीचा फरक हलक्या हातानं सारखा केला. चुन्याचे पोपडे तिनं ठेवायला लावले, का ते सांगितलं नाही.

12 बाय 18 ची प्रिंट अमरावतीहून करून आणली. कोनाडा आजीच्या उजव्या खांद्यामागे आहे, रिकामा.