विश्लेषण : दाताची ‘नस’ म्हणजे नेमके काय? ती जिवंत ठेवणे का महत्त्वाचे?

‘कीड नसेपर्यंत गेली आहे, रूट कॅनाल करावे लागेल,’ हे दंतवैद्याचे वाक्य अनेकांनी ऐकलेले असते. प्रत्यक्षात ही एखादी नस नसते. दाताच्या पोकळीतला तो मऊ, जिवंत गर असतो. त्याला पल्प किंवा दंतमज्जा म्हणतात.

पल्प तयार कसा होतो?

गर्भ साधारण सहा आठवड्यांचा असताना दातांची घडण सुरू होते. तोंडाचे अस्तर ठरावीक जागी जाड होऊन आत वळते आणि त्याच्या कळ्या बनतात. प्रत्येक कळीखाली पेशींचा दाट पुंजका जमतो. कळी आधी टोपीसारखी, मग घंटेसारखी होते आणि हा पुंजका घंटेच्या पोटात येतो. घंटेच्या आतल्या थराकडून रासायनिक संकेत मिळताच पुंजक्याच्या कडेच्या पेशी ‘ओडोन्टोब्लास्ट’ बनतात आणि डेंटिन तयार करू लागतात. डेंटिनच्या भिंतींआड उरलेला, रक्तवाहिन्या व चेतातंतू शिरलेला पुंजका म्हणजे पल्प. थोडक्यात, आधी दात आणि मग त्यात नस, असे होत नाही. दाताचा मोठा भाग या पुंजक्यातूनच घडतो.

आत कोणत्या पेशी असतात?

सर्वात बाहेर ओडोन्टोब्लास्टची रांग असते. प्रत्येक पेशीचा धाग्यासारखा शेपटा डेंटिनमधील सूक्ष्म नळीत शिरलेला असतो. त्याखाली, विशेषतः दाताच्या वरच्या भागात, पेशी विरळ असलेला पट्टा, त्यानंतर पेशींनी गजबजलेला पट्टा आणि मध्यभागी मोठ्या रक्तवाहिन्या व चेतातंतू असतात. संख्येने सर्वाधिक फायब्रोब्लास्ट. ते कोलॅजेनचे जाळे विणतात. जंतूंशी लढणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीही असतात. मोठ्यांच्या पल्पमध्ये मूलपेशी असल्याचे २००० मध्ये, तर पडलेल्या दुधाच्या दातांत असल्याचे २००३ मध्ये संशोधकांनी दाखवले. ओडोन्टोब्लास्ट पुन्हा विभागत नाहीत. ते मेले तर त्यांची जागा घेणाऱ्या पेशी या राखीव फळीतून येतात.

ठणका इतका का लागतो?

शरीरात इतरत्र सूज आली की भाग फुगतो. पल्पभोवती मात्र कठीण भिंती असतात. सुजेला जागा मिळत नाही, आतला दाब वाढतो आणि चेतातंतू चेतवले जातात. आडवे झाल्यावर डोक्याकडील रक्तदाब वाढतो, म्हणून रात्री ठणका अधिक जाणवतो. काही दिवसांनी तो आपोआप थांबला, तर दात बरा झाला असे समजू नये. पल्प मेलेला असू शकतो आणि जंतुसंसर्ग मुळाबाहेर हाडापर्यंत पोहोचू शकतो.

मुलांच्या बाबतीत काळजी अधिक का?

सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली कायमची दाढ येते. त्यासाठी कोणताही दात पडत नसल्याने पालक तिला दुधाचीच समजतात. तिची मुळे पूर्ण व्हायला नववे-दहावे वर्ष उजाडते आणि ते काम पल्पच करतो. त्याआधी पल्प मेला तर मूळ आखूड, भिंती पातळ आणि टोक उघडे राहते. अशी दाढ पुढे मोडण्याचा धोका असतो.

पल्प वाचवता येतो का?

वेळेत गेल्यास बऱ्याचदा येतो. उघड्या पडलेल्या पल्पवर कॅल्शियम सिलिकेट प्रकारचे सिमेंट लावले की त्याखाली डेंटिनसारखा नवा थर तयार होऊ शकतो. सूज वरच्या भागापुरती असेल, तर तेवढाच भाग काढून मुळातला पल्प जिवंत ठेवता येतो. थंड पाण्याची कळ क्षणात थांबत असेल, तर पल्प सावरण्याची शक्यता असते. कळ बराच वेळ रेंगाळू लागली किंवा रात्री झोपमोड होऊ लागली, तर ही संधी निसटत असल्याचे समजावे.