दारुहळद, हुआंगलियान आणि हतबल प्रतिजैविके

गेली पंचवीस वर्षे इंदुरात बालरुग्ण तपासताना आज्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो, “डॉक्टरसाहेब, तुमची औषधे लागू पडत नाहीत, मग आमचा झाडपाला का नको?” पूर्वी मी हसून विषय टाळीत असे. आता टाळवत नाही. नवजात शिशूच्या रक्तात क्लेब्सिएला वाढतो, अहवालात एकामागून एक प्रतिजैविकापुढे ‘प्रतिरोधी’ असा शेरा येतो, आणि लेखणी थबकते.

चिनी वैद्यकात जुलाबावर शतकानुशतके वापरले जाणारे हुआंगलियान आणि आपली दारुहळद या दोन्ही वनस्पतींचा पिवळा रंग व कडवटपणा मुख्यतः बर्बेरिन या एकाच अल्कलॉइडमुळे असतो. हे द्रव्य जिवाणूंना मारक आहे. परंतु स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या ‘नॉर-ए’ नावाच्या पंपाद्वारे ते पेशीबाहेर फेकून देतो. सन २००० मध्ये अमेरिकेतील स्टर्मिट्झ व लुईस यांच्या गटाने दाखविले, की दारुहळदीच्याच कुळातील वनस्पतींत हा पंप बंद पाडणारे दुसरे द्रव्यही असते. त्यात स्वतःची मारकशक्ती नाही. ते फक्त बर्बेरिनची वाट मोकळी करते. अर्क आणि त्यातून वेगळे काढलेले शुद्ध द्रव्य यांच्या परिणामांत फरक का पडू शकतो, याचे हे एक सुंदर उत्तर आहे.

तथापि परीक्षानळी म्हणजे रुग्ण नव्हे. तोंडाने घेतलेले बर्बेरिन रक्तात एक टक्क्याहूनही कमी उतरते. आतड्यात मात्र ते भरपूर राहते. म्हणूनच बांगलादेशातील १९८७ च्या चाचणीत ई. कोलायजन्य अतिसारात जुलाबाचे प्रमाण घटले, पटकीत मात्र फारसा लाभ दिसला नाही. क्लेब्सिएलासारख्या ग्रॅम-ऋण जिवाणूंना तर बाह्य आवरणाचे जादा कवच असते. रक्तातील जंतुसंसर्गावर काढा हा उपाय होऊ शकत नाही, तो यामुळेच.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक इशारा देणे माझे कर्तव्य आहे. बर्बेरिन बिलिरुबिनला अल्ब्युमिनपासून विलग करते आणि ते मुक्त बिलिरुबिन मेंदूपर्यंत पोहोचू शकते. याच भीतीने सिंगापूरने १९७८ मध्ये हुआंगलियान व बर्बेरिन यांवर बंदी घातली होती. ती पुढे शिथिल झाली, तरी नवजात बालकांबाबतची सावधगिरी कायम आहे. काही काळापूर्वी पाच दिवसांच्या पिवळ्या पडलेल्या नातवाच्या गुटीत दारुहळद उगाळण्याचा एका आजींचा विचार होता. त्यांनी आधी विचारले, याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे.

यावरून परंपरा टाकाऊ ठरत नाही. हिवतापावरील आर्टेमिसिनिन चिनी वनौषधीतूनच आले आणि २०१५ मध्ये तू यूयू यांना नोबेल मिळाले. पण ते शुद्धीकरण, मात्रानिश्चिती व चाचण्या या मार्गाने.

तोवर व्यवसायबंधूंना विनंती, की साध्या सर्दीपडशाला प्रतिजैविक लिहू नये. आणि पालकांना विनंती, की बाळाला काहीही उगाळून देण्यापूर्वी एकदा विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही, आणि उत्तर देण्याचा आम्ही कंटाळा करू नये.