विश्लेषण : पहिल्यांदाच ट्रॅकवर गाडी चालवताय? आधी ब्रेक ऑइल बदला

कोराडी-नागपूर परिसरात रुंद रस्ते वाढले, तशी वेगाची हौसही वाढली. ती हौस कायद्यात राहून भागवायची, तर हौशी कार क्लबांचे ‘ट्रॅक डे’ हा मार्ग आहे. पण ट्रॅक शेकडो किलोमीटर दूर. रोजच्या वापरातली गाडी तिथे न्यायची, चालवायची आणि त्याच गाडीने घरी परतायचे, तर तयारी नेमकी कशाची करायची?

ट्रॅक डे म्हणजे शर्यत का?

नाही. क्लब एका दिवसासाठी ट्रॅक भाड्याने घेतो. चालकांचे अनुभवानुसार गट पाडले जातात आणि प्रत्येक गटाला आलटून-पालटून साधारण १५ ते २० मिनिटे ट्रॅक मिळतो. पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ओव्हरटेक फक्त ठरवून दिलेल्या सरळ पट्ट्यात, तेही पुढच्याने इशारा केल्यावर. समोरून ट्रक येत नाही, उलट दिशेने दुचाकी येत नाही, गाडी घसरली तर बाजूला मोकळी जागा असते. हेच सार्वजनिक रस्त्यावर केले, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नुसार पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. समृद्धी महामार्गावर कारसाठी ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. तिथे ‘गाडी किती पळते ते बघू’ म्हणणाऱ्यांनाही हे लागू आहे.

कोराडीहून जायचे कुठे?

विदर्भात चारचाकींसाठी कायमस्वरूपी रेस ट्रॅक नाही. पुण्याजवळ मावळातील नानोली येथे खासगी ट्रॅक आहे; अंतर सुमारे सातशे किलोमीटर. चेन्नईजवळचा मद्रास इंटरनॅशनल सर्किट (३.७ किलोमीटर) आणि ग्रेटर नोएडातील बुद्ध इंटरनॅशनल सर्किट (५.१२५ किलोमीटर, जिथे २०११ ते २०१३ फॉर्म्युला वन झाली) हे दोन्ही हजार किलोमीटरच्या आसपास किंवा पुढे. इंदूरजवळच्या पीथमपूर येथील नॅट्रॅक्सचा ११.३ किलोमीटरचा अतिवेगवान ट्रॅक तुलनेने जवळ आहे, पण तो मुख्यतः वाहन चाचणीसाठी आहे.

हे अंतरच तयारीचे स्वरूप ठरवते. ट्रॅकजवळ राहणारा माणूस बिघडलेली गाडी टो करून घरी नेईल. कोराडीच्या माणसाला ती चालत्या अवस्थेत परत आणायची आहे.

गाडीचा विमा आहे, मग काळजी कशाला?

इथे बहुतेकांचा गैरसमज असतो. खासगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. आयोजित शर्यत, वेगचाचणी, विश्वासार्हता चाचणी यांसाठीचा वापर त्यात वगळलेला असतो. ‘शर्यत नव्हती, नुसता ट्रॅक डे होता’ हा युक्तिवाद त्यामुळे फारसा तारणारा नाही. गाडी भिंतीला लागली, तर दुरुस्ती खिशातून आणि कर्जाचे हप्ते चालूच, असे धरूनच निर्णय घ्यावा. नोंदणीच्या वेळी ज्या जबाबदारी-पत्रावर सही घेतात, ते वाचावे. ट्रॅकच्या कुंपणाचे नुकसान कोण भरणार, वैयक्तिक अपघात विमा आहे का, हे आधी विचारण्यात संकोच नको. घरातली एकमेव गाडी असेल, तर हा विषय घरी बोलूनच ठरवावा.

गाडीत सगळ्यात आधी काय हार मानते?

इंजिन नव्हे, ब्रेक. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात उष्णतेची वाफ आणि वाफेची गती होते. ब्रेकमध्ये नेमके उलटे घडते, गतीची उष्णता होते. १,३०० किलोची गाडी १२० वरून ६० वर आणली, की सुमारे ५४० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये मुरते. एवढ्या उष्णतेत ३० अंशांचे पावणेदोन-दोन लिटर पाणी उकळीला येईल. हे एका वळणासाठी, तेही काही सेकंदांत. लगेच पुढचे वळण येते. शहरात ब्रेकला थंड व्हायला वेळ मिळतो, ट्रॅकवर मिळत नाही.

ही उष्णता पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता शोषते. डॉट ३ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० पर्यंत खाली येऊ शकतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळले, की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. त्यामुळे पेडल थेट तळाला जाते आणि गाडी थांबत नाही. नागपूरचे दोन-तीन पावसाळे पाहिलेले ऑइल घेऊन ट्रॅकवर जाणे म्हणजे हा धोका सोबत नेणे. जाण्याच्या आठवड्यात गाडीच्या पुस्तिकेत बसणारे ताजे डॉट ४ भरून, हवा नीट काढून घ्यावी. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच ऑइल आहे, ते त्यात मिसळू नये. पॅड अर्ध्याहून कमी उरले असतील तर बदलावेत. अलॉय व्हील, मोठा सायलेन्सर यांवर खर्च करणाऱ्यांना हे काम रुक्ष वाटते, पण पहिल्या ट्रॅक डेला उपयोगी पडणारा खर्च हाच.

टायरच्या बाजूवरचे चार आकडे बघावेत. ‘२३२१’ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. कडेला फुगवटा किंवा चीर असेल, तर ट्रॅक विसरावा. तापल्यावर हवेचा दाब वाढतो, साधारण दर साडेपाच अंशांना एक पीएसआय. म्हणून स्वतःचा गेज जवळ ठेवून प्रत्येक सत्रानंतर दाब मोजावा. चाकांचे नट टॉर्क पान्याने कसून घ्यावेत. डिकीतला जॅक, पायाखालचे मॅट, दारातली पाण्याची बाटली, सगळे बाहेर काढावे. बाटली घरंगळत ब्रेक पेडलखाली गेली, तर काय होईल हे सांगायला नको.

आणि चालकाचे काय?

सीट नेहमीपेक्षा पुढे आणि सरळ हवी. पाठ टेकलेली असताना मनगट स्टीअरिंगच्या वरच्या कडेवर यावे आणि क्लच पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहावा. हात घड्याळातल्या पावणेतीनच्या जागी. पूर्ण बाह्यांचे सुती कपडे आणि पातळ तळाचे बूट घालावेत. नायलॉन नको, ते आगीत वितळून चिकटते. कोणते हेल्मेट चालेल, हे आयोजकांनाच विचारावे.

नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे वळणात शिरल्यावर ब्रेक मारणे. वेग सरळ रेषेत कमी करायचा, मग वळायचे, बाहेरचा रस्ता दिसू लागला की हळूहळू अॅक्सिलरेटर. नजर बॉनेटवर नको, वळणाच्या शेवटाकडे हवी. गाडी नजरेमागे जाते. जोरात ब्रेक दाबल्यावर एबीएसमुळे पेडल पायाखाली थरथरते. अनेकांनी हे कधी अनुभवलेलेच नसते आणि ते घाबरून पाय उचलतात. पाय दाबूनच ठेवायचा. प्रशिक्षक मिळत असेल, तर पहिली दोन सत्रे त्याला शेजारी बसवावे.

वय झाले, आता काय शिकणार, असे वाटणाऱ्यांसाठी पुण्याच्या डायना पंडोले यांचे उदाहरण आहे. महिलांसाठीच्या २०१८ च्या निवड उपक्रमातून त्या या खेळात आल्या आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय कार शर्यतीत सलून गटाचे अजिंक्यपद त्यांनी मिळवले.

झेंडे पाठच हवेत. पिवळा : पुढे धोका, वेग कमी, ओव्हरटेक बंद. लाल : सत्र थांबले, सावकाश पिटमध्ये या. निळा : मागे वेगवान गाडी आहे, वाट द्या. काळा : तुम्हालाच बोलावले आहे. सकाळच्या सूचनासत्राला उशिरा येणाऱ्यांना अनेक क्लब ट्रॅकवर सोडतच नाहीत, ते योग्यच आहे.

परतीच्या प्रवासाआधी काय?

सत्राची शेवटची फेरी ब्रेक जवळजवळ न वापरता हळू मारावी, म्हणजे डिस्कला वारा लागतो. पिटमध्ये हँडब्रेक ओढू नये, तापलेले पॅड चिकटू शकतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड किंवा ठोकळा लावावा. इंजिन ऑइल आणि कूलंटची पातळी बघावी. तापलेल्या रेडिएटरचे झाकण मात्र उघडू नये. टायरमधून हवा काढली असेल, तर ती थंड झाल्यावर पुन्हा भरावी. त्याच रात्री नागपूरकडे निघू नये. दिवसभराचे लक्ष आणि ऊन अंगावर असते, शिवाय ट्रॅकवरून आल्यावर महामार्गावरचे १२० मंद वाटू लागतात. मुक्काम करावा, सकाळी टॉर्च घेऊन चारही चाकांतले पॅड बघावेत. थर दोन-तीन मिलिमीटरच उरला असेल, तर त्याच गावात नवे घालून मगच सातशे किंवा हजार किलोमीटरच्या रस्त्याला लागावे.