शिक्क्यामागचे हात

जुन्या ब्रिटिश सुतारी हत्यारांचा शोध बहुतेक वेळा एका नावापासून सुरू होतो आणि बऱ्याचदा त्या नावापाशीच थांबतो. रंध्याच्या पुढच्या टोकावर, पटाशीच्या पात्यावर किंवा करवतीच्या मुठीतल्या पितळी चकतीवर शिक्का असतो. तो वाचला, सूचीत शोधला, गावाचे नाव आणि दोन सालं हाती लागली की ओळख पटली, असे संग्राहक धरून चालतात. हा समज मला अपुरा वाटतो. शिक्क्यावरून कळते ते एवढेच, की हा माल कोणाच्या नावावर विकला गेला. तो कोणी घडवला, कधी घडवला आणि आज दिसतो तसाच तो मुळात होता का, ही उत्तरे शिक्क्याच्या बाहेर शोधावी लागतात. कागद आणि हत्याराची काया यांची साक्ष समोरासमोर ठेवली तरच ती मिळतात.

कागदाची साक्ष किती पुढे नेते, याचे सर्वांत चांगले उदाहरण डब्ल्यू. एल. गुडमन यांच्या १९६८ साली आलेल्या ब्रिटिश रंधाकारांवरील ग्रंथाचे आहे. गुडमन यांनी शिक्के जमवलेच, पण त्यांच्या जोडीला लंडनच्या सुतारसंघाच्या उमेदवारीच्या नोंदी आणि व्यापारी निर्देशिका तपासल्या. त्यातून दिसले, की केवळ रंधे बनवून पोट भरणारा स्वतंत्र कारागीर लंडनमध्ये सतराव्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. टॉमस ग्रॅनफर्ड हे त्यातले सर्वांत जुने ज्ञात नाव, आणि रॉबर्ट वुडिंग हा त्याच्याच हाताखाली शिकलेला. गुरू कोण आणि शिष्य कोण हे नोंदीतून कळले, म्हणून दोघांच्या रंध्यांच्या घडणीतले साम्य अर्थपूर्ण ठरले. नुसते दोन शिक्के शेजारी ठेवून हे नाते कधीच उलगडले नसते. पुढे जेन आणि मार्क रीस यांनी हा ग्रंथ सुधारून वाढवला. आजही रंध्याचा अभ्यासक पहिल्यांदा त्याच्याकडेच वळतो, आणि ते योग्यच आहे.

परंतु एकाच पेटीतल्या हत्यारांचे किती धनी असू शकतात, हे पाहायचे असेल तर केंट परगण्यातल्या रोचेस्टरच्या गिल्डहॉल संग्रहालयातली बेंजामिन सीटन याची पेटी पाहावी. १७९६ साली त्याच्या वडिलांनी लंडनच्या ख्रिस्तोफर गॅब्रिएल या रंधाकार-व्यापाऱ्याकडून हत्यारांचा संच विकत घेतला. पुढच्या वर्षी बेंजामिनने त्यासाठी पेटी बनवली आणि एकेका हत्याराची किमतीसकट यादी लिहून ठेवली. हत्यारे फारशी वापरलीच गेली नाहीत, त्यामुळे अठराव्या शतकाच्या अखेरची हत्यारे नवी असताना कशी दिसत, हे सांगणारा इतका भरवशाचा पुरावा दुसरा नाही. यातले रंधे गॅब्रिएलचे, तर करवती शेफील्डच्या केन्यनच्या. दुकान एक, खरेदी एक, पेटी एक, आणि तरीही माल दोन शहरांतला. रंध्याचे लाकडी शरीर आणि त्यातले पाते यांचेही तसेच असे. रंधाकार लाकूड घडवी आणि पाते बहुधा शेफील्डच्या पोलादवाल्याकडून आणवी. पाते झिजले की सुतार दुसऱ्याच नावाचे पाते बसवी. म्हणून रंध्यावर दोन नावे दिसली की घोटाळा झाला असे समजू नये. ती त्या धंद्याची रोजची रीत होती.

नाव माणसापेक्षा जास्त जगते, हा त्याहून मोठा अडथळा. लंडनचा एस. जे. ॲडिस हा कोरीवकामाच्या पटाश्यांसाठी नावाजलेला. त्याच्यामागे ते नाव शेफील्डच्या वॉर्ड अँड पेन या कंपनीच्या हाती गेले आणि ॲडिसच्या नावाच्या पटाश्या पुढे कितीतरी वर्षे बनत राहिल्या. करवतीच्या चकतीवरचे ‘वॉरंटेड सुपीरियर’ हे शब्द तर कोणा एकाचे नव्हतेच. अनेक कारखाने ती चकती वापरत, आणि हलक्या प्रतीच्या मालावर आपले मुख्य नाव टाळण्यासाठीही तिचा उपयोग होई.

कालनिर्णयासाठी कायद्यांचा आधार भक्कम वाटतो, पण तो एकाच बाजूने भक्कम आहे. १८७५ च्या कायद्याने व्यापारचिन्हांची देशव्यापी नोंदणी सुरू झाली. १८८७ च्या मर्चंडाइज मार्क्स कायद्याने परदेशी मालावर शेफील्डचे नाव ठोकण्याला आळा घातला. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्यामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव आवश्यक झाले. तेव्हा ‘इंग्लंड’ हा शब्द दिसला तर हत्यार बहुधा त्यानंतरचे. तो दिसला नाही म्हणून मात्र ते त्याआधीचे ठरत नाही, कारण देशात विकायच्या मालावर तो घालायची गरजच नव्हती. ‘कास्ट स्टील’ या शब्दांचेही तसेच. बेंजामिन हंट्समनने १७४० च्या सुमारास मुशीत पोलाद वितळवण्याची रीत बसवली, त्यामुळे हे शब्द असलेले पाते त्यानंतरचे हे नक्की. पण तो ठसा विसाव्या शतकातही उमटत होता. मुकुटासह ‘डब्ल्यू. आर.’ ही अक्षरे असतील तर चौथ्या विल्यमची १८३० ते १८३७ ही सात वर्षे सुचतात, आणि इतका अरुंद काळ क्वचितच मिळतो. तिथेही जुना साचा राजाच्या मृत्यूनंतर लगेच फेकून दिला गेला असेल, असे गृहीत धरता येत नाही.

इथे हत्याराची काया बोलू लागते. कंगोरे काढण्याच्या रंध्यांची लांबी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला दहा इंचांहून जास्त असे. शतक सरता सरता ती साडेनऊ इंचांवर स्थिरावली. जुन्या रंध्यांच्या कडा रुंद आणि सपाट तासलेल्या असत, नंतर त्या अरुंद आणि गोलसर झाल्या. पाचरीच्या डोक्याचा आकार, पात्याच्या मागच्या बाजूची घडण, मूठ आणि तिची जागा, या सर्वांतून पिढी ओळखता येते आणि कधी कधी गावही. म्हणूनच जुने हत्यार चकचकीत करण्याचा सोस मला फार खटकतो. यंत्रावर घासून काढलेल्या पात्यावरून अर्धवट उरलेला ठसा जातो आणि मुळातल्या कडाही जातात. एकदा गेलेला हा पुरावा कोणत्याही ग्रंथातून परत मिळत नाही.

यावर एक आक्षेप संभवतो. इतकी शंका घेत बसले तर काहीच ठरवता येणार नाही. त्यापेक्षा उत्पादकांच्या जुन्या सचित्र सूचीपत्रांवर विसंबावे, तिथे चित्र आहे, क्रमांक आहे, किंमत आहे. सूचीपत्रे मोलाची आहेतच. पण शेफील्डच्या व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकात सामाईक सचित्र दरपत्रक वापरले; तीच चित्रे, वर मात्र वेगवेगळ्या कंपन्यांची नावे. चित्राचे ठसे महाग, म्हणून ते दशकानुदशके पुन्हा पुन्हा छापले जात. चित्र जुळले म्हणजे नमुना जुळला, एवढेच सिद्ध होते. शंकेने निर्णय अडतो, हेही खरे नाही. १७९० ते १८२० असा तीस वर्षांचा पट्टा कारणांसह सांगणे हाही निर्णयच आहे, आणि १८०५ असा आकडा कारणाविना छातीठोकपणे सांगण्यापेक्षा तो कितीतरी उपयोगी पडतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: शिक्का कोणाचाही असो, कारखाना तर त्याचाच होता ना? शेफील्डपुरते तरी याचे उत्तर बऱ्याचदा ‘नाही’ असे आहे. तिथे पोलाद ठोकणारा, घासणारा, मूठ बसवणारा हे वेगवेगळे कारागीर असत. ‘लिटल मेस्टर’ म्हणून ओळखले जाणारे कितीतरी जण भाड्याच्या खोलीत, भाड्याच्या चाकावर अनेक व्यापाऱ्यांसाठी काम करत आणि माल ज्याच्या नावाचा असेल त्याचा ठसा त्यावर उमटे. सुक्या चाकावर घासणारे दगडाच्या आणि पोलादाच्या धुळीने छातीचे रोग होऊन तरुणपणीच मरत, हे एकोणिसाव्या शतकातल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवले आहे. ज्या पटाशीच्या धारेचे आपण कौतुक करतो, ती धार ज्यांनी दिली त्यांचे नाव तिच्यावर कुठेही नाही.

त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर वेगळ्या प्रकारचा संग्रह लागतो. शेफील्डमध्ये हत्यारांचे दुकान चालवणाऱ्या केन हॉली (१९२७–२०१४) यांनी तो उभा केला आणि आज तो केलहॅम आयलंड संग्रहालयात आहे. त्यात तयार हत्यारांबरोबर अर्धवट घडवलेले नग आहेत, बंद पडत चाललेल्या कारखान्यांतून वाचवलेली सूचीपत्रे आहेत, आणि हत्यारे घडवण्यासाठी कारागीर वापरत ती हत्यारेही आहेत. ठोकून आकार दिलेल्या पण अजून न घासलेल्या पोलादाच्या तुकड्यावर कोणाचाच शिक्का नसतो. हातोड्याचे घाव मात्र स्पष्ट दिसतात. तसेच घाव एखाद्या जुन्या पटाशीच्या मुठीत शिरणाऱ्या, कधीच न घासलेल्या शेपटीवरही टिकून राहतात, आणि मूठ सैल होऊन निघाली तर शोध तिथून सुरू करता येतो.