'अखबार' मराठीत चालतो का?

आमच्या सोनारीत एकाच वस्तूला तीन नावं आहेत. चहाच्या हॉटेलात 'पेपर', शाळेत 'वर्तमानपत्र' आणि आपल्या घरात 'अखबार'. मागे निबंध तपासताना एका वहीत खाडाखोड दिसली. मुलाने आधी लिहिलं होतं, 'अब्बा सकाळी अखबार वाचतात.' मग अखबार खोडून 'वर्तमानपत्र' केलं होतं. विचारलं तर म्हणाला, "सर, तो आपला शब्द आहे ना, मराठीत कसा चालेल?"

त्याला जे सांगितलं, तेच इथे सांगतो.

'अखबार' हे अरबी 'खबर'चं अनेकवचन. छापखाना येण्याआधी अखबार म्हणजे हाताने लिहिलेलं बातमीपत्र. मुघल काळात दरबारात आणि सुभ्यांत अखबारनवीस नेमलेले असत. दरबारात कोण आलं, काय हुकूम झाला, फौज कुठे निघाली, हे ते तारखेनिशी फारसीत लिहून धाडत. पेशव्यांच्या पुण्यातलेही अखबार हैदराबादला निजामाकडे जात. ते पुढे 'पूना अखबार' या नावाने छापून निघाले. शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांतला 'वाकनीस' हा शब्दही याच घरातला. वाकिआनवीस, म्हणजे घडलेला वाकिआ लिहून ठेवणारा. मराठी 'बखर'सुद्धा 'खबर'वरूनच आली, असं बरेच अभ्यासक मानतात.

आता छापील काळाकडे येऊ. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत 'दर्पण' सुरू केलं. महाराष्ट्रात पत्रकार दिन साजरा होतो तो याच तारखेला. 'दर्पण' मराठी आणि इंग्रजी अशा दोन भाषांत निघत असे. १८४० मध्ये ते बंद पडलं. त्याच वर्षी ४ जुलैला मुंबईत एक मराठी साप्ताहिक सुरू झालं. त्याचं नाव होतं 'मुंबई अखबार'!

म्हणजे मराठीच्या अगदी सुरुवातीच्या वृत्तपत्रांतल्या एकाच्या कपाळावरच हा शब्द होता. वाचकाला कळणार नाही असं नाव कोणी आपल्या पत्राला देत नाही. तेव्हाच्या मराठी वाचकाला 'अखबार' परका वाटत नव्हता, एवढं यातून नक्की कळतं.

पुढे 'प्रभाकर' (१८४१), 'ज्ञानप्रकाश' (१८४९), 'केसरी' (१८८१) अशी नावं आली. जुन्या मराठी पत्रांत बातमीला 'वर्तमान' म्हणत, त्यावरून 'वर्तमानपत्र' रुळलं. अखबार हळूहळू उर्दूच्या वाट्याला गेला. पण खबर मराठीतून गेली नाही. खबरदार, बेखबर, खबरबात, एखाद्याची चांगली 'खबर घेणे', हे सगळं आपले हिंदू शेजारीही रोज बोलतात.

या शब्दाला वजनही मोठं आहे. हदीसच्या इल्ममध्ये खबर म्हणजे रिवायत. कोणी कोणाकडून ऐकलं, सांगणारा भरवशाचा आहे का, ही सनद तपासल्याशिवाय उलेमा ती कबूल करत नसत. आणि 'देहली उर्दू अखबार'चे मौलवी मुहम्मद बाकिर यांना तर १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी ठार केलं. अखबार चालवण्याची किंमत त्यांनी जिवाने मोजली.

आज आपल्या मोबाईलवर कुठूनतरी मजकूर येतो आणि आपण न वाचताच पुढे ढकलतो. कधी एखाद्या गावातलं भांडण, कधी कोणाची बदनामी. त्याला सनद नसते, तारीख नसते, लिहिणाऱ्याचं नावही नसतं. अशा मजकुराला खबर म्हणायचं का, याचा विचार घराघरात व्हायला हवा. पुढे पाठवण्याआधी मुलांसमोर एवढंच विचारावं: हे कोणी सांगितलं, आणि त्याने स्वतः पाहिलं का?

त्या मुलाच्या वहीत आम्ही 'वर्तमानपत्र'च्या वर पुन्हा 'अखबार' लिहिलं आणि बरोबरची खूण केली. दोन्ही शब्द त्याचेच आहेत. घरातला शब्द शाळेच्या दारात काढून ठेवायची गरज नाही.